व्रताचा जमाखर्च

निपाणीत मार्गशीर्षाच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, शाळेचे मैदान साडेचारला मोकळे होते, आणि या दोन वेळांच्या मध्ये जो दीड तासाचा अवधी उरतो त्यातच एका सोळा वर्षांच्या मुलीने अंग मोकळे करायचे, सहा-सात किलोमीटर धावायचे, घर गाठायचे, हातपाय धुवायचे आणि दिवस मावळायच्या आत दिवसाचे शेवटचे अन्न व शेवटचे पाणी घ्यायचे, अशी रीत ज्या घरात दोन वर्षे निमूटपणे चालली होती, त्या घरच्या सोप्यावर एका रविवारी झालेला वाद मी ऐकला. वाद करणारी दोन्ही माणसे मला आदरणीय आहेत आणि ज्या मुलीसाठी तो झाला ती मला भाचीसारखी आहे. म्हणून जे बोलणे झाले ते शक्य तितके जसेच्या तसे येथे उतरवीत आहे.

घर जैन शेतकऱ्यांचे. चिकोडी-निपाणीच्या या मुलखात, वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या काठाने, स्वतः नांगर धरणारा जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. त्या दोन नद्यांच्या संगमावरचे भोज हे आचार्य शांतिसागर महाराजांचे गाव आणि जवळचेच सदलगा हे आचार्य विद्यासागर महाराजांचे जन्मगाव, त्यामुळे व्रत हा शब्द येथे पोथीत राहत नाही, तो चुलीपाशी आणि पाण्याच्या घागरीपाशी वावरतो. घरचे कर्ते आप्पा शहात्तर वर्षांचे, तरुणपणी तालमीत घुमलेले, पुढे तंबाखूच्या वखारीचा हिशेब चाळीस वर्षे एकहाती सांभाळलेले. समोर बसलेल्या बाई बेळगावच्या, मराठा घराण्यातल्या, क्रीडाशिक्षिका. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे धावून स्वतः घडलेल्या. निमित्त असे की, बेळगावच्या एका स्पर्धेत पंधराशे मीटरच्या शर्यतीत ही मुलगी तिसऱ्या फेरीत एकाएकी मंदावली, कडेला जाऊन बसली, आणि रक्त तपासले तेव्हा जे हिमोग्लोबिन निदान १२ असावे ते ९.४ निघाले, ब-१२ जीवनसत्त्वही फार खाली गेलेले होते.

बाईंनी प्रस्तावना केली नाही. त्या म्हणाल्या, “आप्पा, राग मानू नका. पोरीला रोज एक अंडं द्या. औषध समजून द्या. बाकी काही मागत नाही.”

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. “बाई, या सोप्यावर अंड्याचं नाव पहिल्यांदा निघालं. तुम्ही पोरीच्या मायेनं बोलता हे दिसतंय, म्हणून राग नाही. पण हे एवढं सोडून बोला. जोंधळ्याची भाकरी, दूध आणि शेंगदाणे यांवर मी आठ वर्षं तालीम केली. भोजच्या सातगौडांची, म्हणजे पुढच्या शांतिसागर महाराजांची गोष्ट आमच्याकडं सांगतात, की बैलांच्या जागी स्वतः लागून ते मोट ओढायचे. शाकाहारानं ताकद जाते, हे मी कसं मान्य करू?”

येथे मी मध्ये बोलले, कारण आप्पांच्या बाजूचा एक पुरावा माझ्याजवळ होता आणि तो दडवणे मला प्रशस्त वाटले नाही. ऑलिंपिकची मॅरेथॉन पूर्ण करणारे पहिले भारतीय याच जिल्ह्यातले. बेळगावच्या शेतकरी घरातले फडेप्पा दरेप्पा चौगुले. १९२० साली अँटवर्प येथे, ऑलिंपिकच्या इतिहासातल्या सर्वांत लांब, म्हणजे ४२.७५ किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावा क्रमांक मिळवला. आणि त्या शर्यतीत जो पहिला आला, तो फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन, शाकाहारी म्हणून प्रसिद्ध होता.

आप्पांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले, पण बाई तेवढ्याच शांतपणे म्हणाल्या, “ताई, कोलेहमाइनेन रात्री जेवत होता.”

वादाचे खरे स्थळ त्या एका वाक्याने निश्चित झाले. अंड्याचा विषय बाईंनी त्यानंतर काढला नाही. त्या पुढे म्हणाल्या, “शाकाहाराशी माझं भांडण नाही, आप्पा. माझं भांडण घड्याळाशी आहे. पोरगी सहाच्या आत जेवते. सकाळी सूर्य पावणेसातला उगवतो, आणि त्यानंतर दोन घटका गेल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नाही, म्हणजे साडेसात. साडेतेरा तास ना अन्न, ना पाणी. आणि याच साडेतेरा तासांच्या शेवटी, सहा ते सात, ती पळायला जाते. तुम्ही वखारीचा हिशेब केलात. रात्रभर ज्या पेढीत जमा काहीच नाही, तिच्यावर पहाटे एवढी मोठी हुंडी कुणी काढील का?”

आप्पांनी या दृष्टांताचे उत्तर दिले नाही, आपला पक्ष मांडला. “भूक आणि तहान सोसणं हेही शिक्षणच आहे, बाई. तालमीत लढतीच्या मध्ये घोटभर पाणी मागितलं, तर वस्ताद अंगावर यायचे.”

“जगभर तीच समजूत होती,” बाई म्हणाल्या. “१९०४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या ऑलिंपिकमध्ये धुळीच्या रस्त्यावर, भर उन्हात, मॅरेथॉनवाल्यांना मुद्दाम पाणी जवळजवळ दिलंच नाही, निम्म्याहून जास्त धावणारे पोचलेच नाहीत, एकजण मरता मरता वाचला. १९९७ साली त्याच देशात विद्यापीठांचे तीन मल्ल महिन्या-सव्वा महिन्यात मेले, वजनी गटात बसायला घाम काढून पाणी तोडलं म्हणून. अंगातलं पाणी वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त गेलं की पळण्यातली धार जाते. ही पोरगी पंचेचाळीस किलोंची. दोन टक्के म्हणजे नऊशे ग्रॅम. उन्हाळ्यात एका तासात तेवढा घाम सहज जातो, आणि ती सुरुवातच तुटीत करते.”

“मग पाणी पीत सुटायचं?”

“तेही नाही.” बाईंनी हे कबूल केले याचा मला आनंद वाटला, कारण आपल्या पक्षाला अडचणीची गोष्टही जो सांगतो त्याच्यावरच ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. “२००२ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये पोचलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा शंभरात तेरांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, धोक्याच्या रेषेखाली उतरलेला होता, पळताना पाणी प्रमाणाबाहेर प्यायल्यानं असं होतं. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. म्हणून पळण्याच्या आधी आणि नंतर वजन करायचं. जेवढं घटलं, त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या काही तासांत, थोडं थोडं, मिठासह. मीठ घातलेलं ताक चालेल, लिंबू-साखर-मिठाचं सरबत चालेल. पाहुणा उन्हातून आला की तुम्ही त्याच्या हातावर गूळ ठेवून पाणी देता. पोरगी मैदानावरून येते तेव्हा तेही कुणाला आठवत नाही.”

हे शेवटचे वाक्य आप्पांना लागले. त्यांनी आत पाहून सुनेला हाक मारली, पण काही सांगितले मात्र नाही.

यानंतर बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर आहाराचा तक्ता होता, आणि त्या तक्त्याची जी गत झाली ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. पहिली ओळ मोड आलेल्या मटकीची. आप्पा म्हणाले, मोड आलेले धान्य आमच्यात वर्ज्य, त्यात अनंत जीव मानतात. दुसरी ओळ कडधान्य दह्यात कालवून खाण्याची. आप्पा म्हणाले, कच्च्या दह्याशी द्विदल धान्य मिसळत नाही. तिसऱ्या ओळीत बीट आणि गाजर, ती जमिनीखालची. मैदानावरच्या नळाचे पाणी गाळलेले नसते, म्हणून तेही नाही. बाई कागदाकडे पाहत राहिल्या. तज्ज्ञांचे असे तक्ते ज्याच्या पानाला कोणतीच मर्यादा नाही अशा माणसासाठी लिहिलेले असतात आणि मर्यादा पाळणाऱ्याच्या हाती ते आले की निम्मे कोरे होतात, हे त्या क्षणी त्यांच्याइतके मलाही जाणवले. परंतु याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या घराने मटकीचे मोड, बीट, गाजर, अंडे आणि रात्रीचे ताट असे एकेक करून पानातून काढले, त्या घराने त्यांच्या जागी दुसरे काय वाढले, याची चौकशी मी करू लागले तेव्हा उत्तर मिळाले ते चहा-बिस्किटे आणि सकाळचे पोहे.

बाईंनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतले. “बरं, तुमच्या नियमातच बसून लिहू. हुलगे मोड न काढता भिजवून शिजवलेले चालतात?” चालतात. “वरून लिंबू?” चालते. “जेवणाबरोबर चहा बंद, तो जेवणानंतर तासा-दीडतासानं. धान्यातलं लोह अंगी लागणं आधीच अवघड, चहा ते आणखी अडवतो, लिंबू-आवळा ते सोपं करतो. भाजी लोखंडी कढईत करा. सोळा-अठरा वर्षांच्या मुलीला दिवसाला ३२ मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली ठरवलं आहे, त्याच वयाच्या मुलाला २६ लागतं. आणि तुमच्या घरी कढईतलं उरलेलं आधी कुणाच्या पानात जातं ते मी विचारत नाही. ९.४ हिमोग्लोबिनाला मात्र नुसती कढई पुरणार नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या ती घेईलच. प्रथिनांची तुम्ही काळजी करू नका. पाव किलो जोंधळ्यातून पंचवीसेक ग्रॅम, शंभर ग्रॅम डाळी-कडधान्यातून बावीस, मूठ-दीड मूठ शेंगदाण्यांतून बारा, अर्ध्या लिटर दुधातून सोळा, पंचाहत्तर झाली. एवढी तिला भरपूर. कॅल्शियमला नाचणी, तीळ, दूध. हे सगळं तुमच्या परड्यात नि कोठीत आहे.”

“मग अडलं कुठं?” आप्पांनी विचारले, आणि मला वाटते त्या दिवशीचा सर्वांत प्रामाणिक प्रश्न तोच होता.

“दोन ठिकाणी. एक, हे सगळं साडेदहा तासांत पोटात जायला हवं आणि त्यातले सात तास ती शाळेत असते. दुसरं, ब-१२. ते कोणत्याच झाडापाल्यात नाही. जनावराच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात, म्हणून दुधात थोडं उतरतं. पूर्वी तुमच्या गोठ्यात चार म्हशी होत्या आणि दूध घरातच संपत होतं. आज दूध डेअरीला जातं आणि पोरीच्या कपात चहापुरतं राहतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि आसपासचे ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले आणि २००६ साली छापलं, की शंभरात सदुसष्टांचं ब-१२ कमी; शहरी मध्यमवर्गात तर एक्याऐंशींचं. शाकाहाऱ्यांत हा धोका चौपटीहून जास्त. हे आमच्या मांसमटण खाणाऱ्या घरांतही होतंच, पण तुमच्याकडं पक्कं होतं. लोह कमी झालं तर दम लागतो. हे कमी झालं तर रक्त तर बिघडतंच, पण मज्जातंतूही झिजतात, आणि ते नुकसान फार दिवस राहिलं तर भरून येईलच असं नाही. याला गोळीशिवाय किंवा इंजेक्शनाशिवाय उपाय नाही.”

“गोळी कशाची करतात?”

“जिवाणूंच्या आंबवणातून. मांसातून काढत नाहीत. फक्त वरचं कॅप्सूल जिलेटिनाचं नको म्हणून सांगा, ते जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. साधी गोळी मागा.”

आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “महाराजांना विचारतो.”

“विचारा. पण मुदत सांगा.”

“आठ दिवस.”

बाईंनी ती मुदत मान्य केली. मला ती मान्य नव्हती. कोणत्या डॉक्टराने कोणत्या रोग्याला आठ दिवस धर्मनिर्णयासाठी थांबवावे, असे माझ्या मनात आले, आणि मी तसे बोललेही. परंतु बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. नंतर बेळगावच्या बसमध्ये त्या म्हणाल्या, की आप्पांच्या संमतीने सुरू झालेली गोळी वर्षभर चालेल आणि त्यांच्यापासून लपवून दिलेली पंधरवड्यात बंद पडेल. त्यांचे बरोबर असेल. माझे समाधान अजून झालेले नाही.

सोप्यावर जे बोलले गेले नाही ते स्वयंपाकघरात बोलले गेले, आणि ते वगळून हा वृत्तांत पुरा होणार नाही. बाईंनी मुलीच्या आईला हलक्या आवाजात विचारले, पाळी नियमित आहे का. आई म्हणाली, चार महिने आलीच नाही. त्यात तिला काळजीचे असे काही वाटले नव्हते, उलट स्पर्धांच्या दिवसांत अडचण टळली असेच वाटले होते. बाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. ज्या मुलीला तिच्या श्रमाच्या मानाने अन्न पुरत नाही तिचे शरीर जगण्याचा खर्च आधी चालवते आणि जे तूर्त टाळता येईल ते टाळते; पाळी थांबणे हा त्या काटकसरीचा जाबता आहे, पुढे हाडे ठिसूळ होण्याची ती पूर्वसूचना आहे, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन खेळाडूंच्या डॉक्टरांना सावध केलेले आहे, हे सर्व त्यांनी त्या आईला समजेल अशा शब्दांत, चुलीजवळ उभे राहून सांगितले. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेण्याचे ठरले. आई रडली नाही, तिने फक्त विचारले, “म्हणजे ती उपाशी होती?” पोटभर वाढणाऱ्या आईने हा प्रश्न विचारणे किती कठीण आहे! पाळी थांबलेली असतानाही रक्त इतके उतरावे, याचा अर्थ ते वाहून गेले नव्हते, ते घडतच नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत या देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्यांतल्या कितीजणींच्या आयांना हे कुणी चुलीजवळ उभे राहून सांगितले असेल?

मी सोप्यावर परत आले तेव्हा माझ्या मनात आप्पांविषयी राग होता, आणि तो मी बोलून दाखवला. मी म्हणाले, “आप्पा, तुम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही आणि सूर्यास्तानंतर काही करतही नाही. व्रताचे पुण्य साऱ्या घराच्या खाती जमा होते आणि खर्च मात्र एकट्या पोरीच्या नावे पडतो. पन्नास वर्षांपूर्वी या घरात सगळ्यांचेच काम उन्हाबरोबर सुरू होऊन उन्हाबरोबर संपत होते, तेव्हा हा नियम कुणाच्याच अंगावर येत नव्हता. आज तिचे काम उन्हाच्या आधी सुरू होते आणि मावळतीला संपते. नियम तोच राहू द्यायचा असेल तर बाकीचे सगळे त्याच्याभोवती हलवावे लागेल, आणि ते हलवण्याची जबाबदारी नियम पाळायला सांगणाऱ्याची आहे.”

आप्पांनी मान हलवली नाही, नाकारलेही नाही. त्यांनी बाईंना विचारले, “काय काय हलवायचं?”

मग तासभर केवळ व्यवस्थेचे बोलणे झाले. पहाटेचे पळणे बंद. साडेसातला पाणी, दूध, केळे, आणि आठ वाजता शाळेआधी हलके पळणे. जड सराव शनिवारी दुपारी आणि रविवारी ऊन चढायच्या आत. संध्याकाळी सव्वापाचला सराव थांबवून, घरचे गाळून तापवलेले पाणी, ताक आणि शेंगदाणे-गुळाचे लाडू, चपाती-भाजीचा डबा मैदानाच्या कडेलाच उघडायचा. आप्पांची तक्रार एवढीच, की पोरीने उभ्याने खाऊ नये. हातपाय धुऊन, बसून खावे. बाईंनी ते लगेच मान्य केले. शाळेत मधल्या सुट्टीत दुसरा डबा. दूध डेअरीला जाण्यापूर्वी एक लिटर घरात काढून ठेवायचे. हा हुकूम आप्पांनी स्वतः, मोठ्याने, आत ऐकू जाईल असा दिला.

वाद राहिला तो भाद्रपदाचा. दशलक्षण पर्वात ही मुलगी गेली दोन वर्षे एकाशन, म्हणजे दिवसातून एकच जेवण, करते आणि अनंत चतुर्दशीला निर्जळ उपवास धरते. शालेय स्पर्धांचा हंगामही नेमका त्याच सुमाराचा. बाई म्हणाल्या, निर्जळ दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी तिला मैदानात उतरू देणार नाही, मग स्पर्धा कोणतीही असो. आप्पा म्हणाले, त्या दिवशी स्पर्धेत उतरायचेच कशाला? दोघेही एकच गोष्ट सांगत होते आणि दोघांनाही ती आपापल्या बाजूची वाटत होती.

इतका वेळ खांबाला टेकून उभी असलेली मुलगी तेव्हा प्रथमच बोलली. “आज्जा, भाद्रपदाचं माझं मी ठरवीन. उपवास मला आवडतो. पण तो मी धरला पाहिजे, घरात आहे म्हणून नको.”

त्यावर कुणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने आप्पा उठले, परड्यातून वखारीत गेले, तंबाखूची बोदे मोजण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरची धूळ त्यांनी उपरण्याने झाडली आणि नातीला त्यावर उभे केले. आकडा ४४.६ दिसला. तिला रस्त्याने तवंदी घाटाच्या पायथ्याकडे पळवून परत आणले, तेव्हा पाच वाजून गेले होते आणि काट्यावर ४३.९ होते. आप्पांनी वखारीची जुनी रोजकीर्द काढली, एका कोऱ्या पानावर तारीख घातली, खर्चाच्या बाजूला सातशे ग्रॅम घाम लिहिला, आणि जमेची बाजू भरण्यासाठी लेखणी हातात धरून, सुनेने आणलेल्या तांब्यातले ताक मुलगी किती पिते ते पाहत, मावळतीच्या उन्हात उभे राहिले.